फलक मीच काढला होता

वाशीमला पुसद नाक्याच्या थोडं पुढे एका मोठ्या कंपनीचं कॉफीचं दुकान निघालं आणि त्याच्या काचेच्या दारात मला वॉचमनची नोकरी मिळाली, तेव्हा मला फौजेतून परत येऊन दोन वर्षं होत आली होती. अकरा महिने मी त्या दारात उभा होतो. पुढे त्या दुकानावरून शहरात जो गदारोळ झाला, त्यात मी चार दिवस सगळ्यांच्या तोंडी होतो. त्यात मी काय केलं आणि काय केलं नाही, हे मी आजवर कोणाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलेलं नाही.

माझं गाव आसेगावाच्या बाजूला. एकोणिसाव्या वर्षी भरती झालो आणि चोवीस वर्षं नोकरी करून घरी आलो. मी सिग्नलमध्ये लाइनमन होतो. बंदूक असायचीच, पण हातात जास्त वेळ असायचा तो टेलिफोनच्या केबलचा ड्रम. पोस्ट वर डोंगरावर असते, हुकूम देणारे खाली असतात आणि मधली तार बर्फानं, दगडानं तुटली की ती शोधून जोडायची, हे आमचं काम. गावातली पोरं विचारायची, "किती मारले जी तुमी?" मी म्हणायचो, "मी तारा जोडल्या." मग विचारणारा हळूच दुसऱ्याकडं वळायचा.

घर माझ्याशिवाय चालायला शिकलेलं होतं. त्यात कोणाचाच दोष नव्हता. बायको अंगणवाडीत सेविका. सकाळचं सगळं उरकून ती नऊला अंगणवाडीत, दुपारी घरी आली की रजिस्टरं, संध्याकाळी विहारात वंदनेला. म्हाताऱ्या आईचं औषध, पोरीचं अमरावतीचं नर्सिंगचं शिक्षण, शेत बटाईनं कोणाला द्यायचं, सगळं तिला तोंडपाठ. मी पहाटे साडेचारला उठून बसायचो आणि उजाडेपर्यंत मला काहीच काम नसायचं. एकदा मी मांडणीवरची भांडी आमच्या बॅरेकमधल्या पद्धतीनं ओळीत लावली. दुसऱ्या दिवशी भांडी परत आपल्या जागी होती. काहीही करायला गेलो की म्हणायची, "तुमी बसा, मी पाह्यतो." ती आणि आई वर्षानुवर्षं आतल्या खोलीत झोपत आल्या होत्या, त्यामुळे माझी खाट पुढच्या खोलीत. सुट्टीवर यायचो तेव्हाही ती तिथंच असायची. तेव्हा ते खटकत नव्हतं, कारण परत जायची तारीख ठरलेली असायची.

शिरपूरचा एक जुना ओळखीचा फौजी वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीत होता. त्यानं विचारलं आणि मी हो म्हटलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमाले करमत नसन त जा." रागानं नाही म्हणाली. मी वाशीमला एक खोली घेतली. आठवड्याच्या सुट्टीला एसटीनं घरी जायचो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत.

दुकान म्हणजे सगळी काच, आत गारवा, बारीक आवाजात गाणी. येणारे बहुतेक कॉलेजची पोरंपोरी, कोचिंग क्लासचे मास्तर, लग्न ठरलेली जोडपी. मी दार उघडायचो. लोक मोबाइलकडं पाहत आत जायचे. दिवसात शंभर माणसं माझ्या हाताखालून जायची आणि त्यांतल्या दोघांनी माझ्याकडं पाहिलं तरी खूप.

माझ्याशी बोलायची ती दुकानाची मॅनेजर. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरगी, मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची. आईबाप दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. ही आजीजवळ राहून शिकली, वाशीमला बी.कॉम. केलं. कंपनीनं नागपूरला महिनाभर शिकवून हिच्या हाती दुकान दिलं. ती मला काका म्हणायची. हाताखालच्या तीन पोरांना मात्र अशी धाकात ठेवायची की मला माझ्या एका हवालदाराची आठवण व्हायची.

काउंटरमागच्या भिंतीवर एक फलक होता. 'देशाच्या जवानांसाठी एक कप आमच्याकडून.' फौजीनं ओळखपत्र दाखवायचं आणि एक कॉफी फुकट घ्यायची, अशी ती योजना. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "काका, तुमी बी फौजीच ना? मंग तुमाले बी भेटते की."

"मी ड्युटीवर आहो," मी म्हटलं.

"मंग ड्युटी संपल्यावर घ्या."

ड्युटी संपल्यावर मी खोलीवर जायचो. मग तिनंच एक दिवस दुपारी, दुकान रिकामं असताना, कप आणून दारातल्या स्टुलावर ठेवला. कडू जहर होती ती कॉफी. तिला माझ्या तोंडावरून कळलं. दुसऱ्या दिवशी दूध आणि साखर जास्त घालून आणली. तिथून पुढे तीन-साडेतीनच्या सुमाराला ती कप घेऊन दाराशी यायची, पाच-दहा मिनिटं उभी राहायची. ती तांड्यावरच्या आजीचं सांगायची, आजी मोबाइलवर बोलताना फोन कानाला उलटा कसा लावते, असलं काहीतरी. मी फारसं बोलायचो नाही. पण दिवसभरात माझा आवाज मला ऐकू यायचा तो तेवढाच वेळ.

त्या अकरा महिन्यांत तो फुकटचा कप मागायला किती फौजी आले असतील? बोटांवर मोजण्याइतके. एक आठवतो. शिरपूर जैनचा, सुट्टीवर आलेला, नव्या नवरीला घेऊन. फलक वाचून नवरीनं त्याला कोपरानं ढोसलं. तो लाजून लाल. "ऱ्हाऊ दे ना, पैसे देतो," म्हणत होता. शेवटी तिनंच त्याच्या खिशातून कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. जाताना तो दाराशी थांबला, माझ्या उभं राहण्याकडं पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "कौनसी यूनिट, साब?" मी सांगितलं. त्यानं टाचा जुळवल्या. तो गेल्यावर बराच वेळ मी दार उघडताना ताठ उभा होतो.

मग हिवाळ्यात, संक्रांतीच्या जरा आधी, कंपनीकडून दुकानाला ई-मेल आला. ती योजना वर्षभराची होती, ती सगळ्या शाखांमधून संपली, फलक काढून ठेवावा. एवढंच. फलक उंच होता. पोरं कामात होती. तिनं मला हाक मारली.

"काका, तुमी उंच आहा, तेवढा काढून देता काय?"

मी स्टुलावर चढलो आणि फलक काढला. मागच्या चिकटपट्ट्यांचे चार काळे डाग भिंतीवर राहिले. तिनं ओल्या फडक्यानं ते पुसायचा प्रयत्न केला, निघाले नाहीत.

त्या दुपारी ती कप घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "योजना बंद झाली ना?"

"माझी चालू आहे," ती म्हणाली.

दोन दिवसांनी त्या चार डागांचा फोटो मोबाइलवर फिरायला लागला. फोटो कोणी काढला मला माहीत नाही. खाली लिहिलं होतं की या कंपनीनं सैनिकांचा फलक उतरवला, कारण कंपनीच्या परदेशी मालकांना आपलं सैन्य नको आहे, सैन्याला मदत करणार नाही असं त्यांनी लेखी कळवलं आहे. शेवटी, खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा. आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर तो संदेश एका सकाळीच सात जणांनी टाकला. मीही त्या ग्रुपवर होतो. मी वाचला आणि मोबाइल खिशात ठेवला. मला वाटलं, दोन दिवसांत दुसरं काहीतरी येईल.

पण ते वाढत गेलं. दुकानासमोर रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती. तिथं सकाळी जेवणाआधी मी चहा घ्यायचो. तिथं रोज तीच चर्चा. एक निवृत्त मास्तर पेपर घेऊन बसायचे. ते म्हणाले, "फौजीले फुकट कॉफी पाजाची जबाबदारी दुकानदाराची कवापासून झाली? त्याले पगार सरकार देते."

"जबाबदारी नाई जी," शेजारचा बियाण्याच्या दुकानातला तरुण म्हणाला. "पण देत होते ना? मंग बंद कायले केली? द्याची आन मंग काढून घ्याची, याचा अर्थ काय होते?"

"अर्थ असा होते का जाहिरात संपली," मास्तर म्हणाले. "फलक लावला तवा बी जाहिरातच होती. तवा तुमी काहून बोलले नाई?"

एक रिक्षावाला म्हणाला, "माझ्या रिक्षात फौजी बसला त मी भाडं घेतो. मंग मी देशद्रोही काय?"

सगळे हसले. तरुण मात्र हसला नाही. "माझा चुलतभाऊ वर बर्फात हाये," तो म्हणाला. "तुमाले हसू येते." त्याच्या आवाजात खोटं काही नव्हतं. चुलतभाऊ कुठं आहे, कसा आहे, हे त्याला विचारावं असं मला वाटलं. विचारलं नाही. मी वॉचमनच्या कपड्यात होतो, आणि तो माझ्याकडं त्या कंपनीचा माणूस म्हणून पाहत होता.

पेपरच्या स्थानिक पानावर बातमी आली. दोन संघटनांनी बहिष्काराचं पत्रक काढलं. एका वकिलानं लिहिलं की सैनिकांचा आदर कपात मोजू नये, तर त्यालाच लोकांनी धारेवर धरलं. दुकानातली गर्दी ओसरली. मॅनेजर मला म्हणाली, "काका, मी वरच्या साहेबांले फोन केला. म्हनलं, काहीतरी लिहून द्या, मी दारावर लावतो. ते म्हनतात, हेड ऑफिस उत्तर देईन, तुमी काही बोलू नका."

"उत्तर कवा देईन?"

"काय माहीत."

आमच्या माजी सैनिकांच्या संघटनेचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार, त्यांचा मला फोन आला. "तू तिथं उभा राह्यतो म्हणे? तिथं, त्या दारात? काही वाटते का नाई?"

मी म्हटलं, "साहेब, नोकरी आहे."

"फौजीची इज्जत नोकरीपेक्षा मोठी हाये," ते म्हणाले. "उद्या मोर्चा येऊन राह्यला. पाह्य तू काय करायचं ते."

मोर्चा दुपारी बारानंतर आला. शे-दीडशे माणसं, झेंडे, एका छोट्या टेम्पोवर भोंगा. दोन शिपाई रस्त्याच्या कडेला उभे. मॅनेजरनं आतून दार लावून घेतलं आणि पोरांना मागं पाठवलं. मी दाराबाहेर उभा राहिलो. माझं काम तेच होतं, कोणाला आत जाऊ द्यायचं नाही. घोषणा चालू झाल्या. कोणी काचेवर हात आपटले. मी हात आडवे धरले. तेवढ्यात सुभेदार साहेब गर्दीतून पुढे आले आणि ओरडून म्हणाले, "थांबा, थांबा! याले हात लावू नका. हा आपला फौजी हाये. चोवीस वर्षं सेवा केली यानं."

क्षणात सगळं बदललं. मघाशी मला बाजूला ढकलणारी माणसं माझ्या पाया पडायला लागली. झेंडूचा हार कुठून तरी माझ्या गळ्यात पडला. तो बियाण्याच्या दुकानातला तरुण माझ्याकडं पाहत राहिला, म्हणाला, "काका, तुमी सांगितलं नाई कधी." कोणीतरी माइक माझ्या हातात दिला. "बोला. फौजीच्या तोंडून ऐकू द्या सगळ्यांले."

मी काय बोलणार होतो ते मला माहीत नव्हतं. फार तर एवढंच मनात आलं होतं की म्हणावं, बाबांनो, घरी जा. पण दीडशे माणसं गप्प झाली आणि माझ्याकडं पाहायला लागली. चोवीस वर्षांत आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत असं कोणी गप्प होऊन माझ्याकडं पाहिलं नव्हतं.

मी थंडीपासून सुरुवात केली. वर पोस्टवर पाणी पिण्याआधी बर्फ कसा वितळवतात, ते सांगितलं. मग तार तुटल्याचं सांगितलं. त्या दिवशी लाइन गेली होती आणि आम्ही दोघं ती शोधायला निघालो. माझा जोडीदार तमिळनाडूचा होता. त्याला मराठी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं, दोघांचं हिंदी मोडकं. बर्फात तार दिसत नाही, ती हातात धरून चालावं लागतं. तुटलेली जागा सापडली. जोड देताना जाड हातमोजा काढावा लागतो, त्याशिवाय बारीक तार वळत नाही. पाळी माझी होती. माझी बोटं आधीच बधिर झाली होती आणि मला हातमोजा काढायची भीती वाटली. ते त्याला दिसलं. त्यानं मला बाजूला केलं, स्वतःचा हातमोजा काढला आणि जोड दिला. जोड पहिल्यांदा बसला नाही. त्यानं परत दिला. लाइन सुरू झाली. खाली आल्यावर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती. ती कापावी लागली.

मी थांबलो. टाळ्या वाजल्या. इतक्या जोरात की भोंग्यातून शिट्टीसारखा आवाज निघाला. "भारत माता की जय" झालं. कोणी डोळे पुसत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटत होतं.

मग माझी नजर काचेतून आत गेली. ती काउंटरमागे उभी होती, त्या चार डागांच्या खाली, आणि माझ्याकडं पाहत होती.

तेव्हा बोलायला वेळ होता. माइक माझ्याच हातात होता. फलक मीच काढला, योजनेची मुदत संपली होती म्हणून काढला, आणि या पोरीनं मला त्यानंतरही रोज कप दिला, एवढी तीन वाक्यं. लोकांनी माझं ऐकलं असतं, त्या वेळी मी सांगितलं असतं ते त्यांनी ऐकलंच असतं. मी माइक सुभेदार साहेबांच्या हातात दिला. ते म्हणाले, "पाह्यलं? अशा मानसांचा हे लोक अपमान करतात." आणि मी हार घालून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

त्या दिवशी आणि पुढच्या दिवसांत फोन थांबले नाहीत. माझ्या बोलण्याचा व्हिडिओ सगळीकडं गेला होता. जुन्या पलटणीतल्या लोकांचे फोन आले, ज्यांनी सेवानिवृत्तीनंतर एकदाही विचारलं नव्हतं. एका सभागृहात शाल-श्रीफळ दिलं. तिथं मला परत तीच गोष्ट सांगायला लावली. दुसऱ्या वेळी सांगताना मी पाळी माझी होती हे गाळलं. लोकांना फरक पडला नाही.

दुकान त्या मोर्च्यापासून बंदच राहिलं. एजन्सीनं मला कळवलं, पुढचं सांगेपर्यंत जाऊ नका. बारा दिवसांनी टेम्पो आला आणि खुर्च्या, मशिनी घेऊन गेला. त्याच आठवड्यात पेपरात आतल्या पानावर कंपनीचा खुलासा आला, की योजना एका वर्षापुरती होती, ती सगळीकडं ठरल्याप्रमाणे संपली, सैन्याविषयी कंपनीनं कधीही कोणतं पत्र लिहिलेलं नाही. टपरीवर मास्तरांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. बियाण्याच्या दुकानातला तरुण म्हणाला, "आता काहीबी म्हनतीन." विषय तिथं संपला. त्या दिवसांत दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीबद्दल संदेश फिरत होता.

मी मॅनेजरला फोन लावला. लागला नाही. तीन-चार दिवस लावला. शेवटी दुकानातल्या एका पोराकडून तांड्याचं नाव घेतलं आणि मानोऱ्याची एसटी धरली. मानोऱ्याहून पुढं काळी-पिवळी जीपनं, मग दोन किलोमीटर पायी. अर्ध्या तांड्याला कुलपं होती, लोक ऊसतोडीला गेलेले. ती घरापुढच्या अंगणात तुरी झोडपत होती. डोक्याला रुमाल बांधलेला. मी तिला आधी ओळखलंच नाही. दुकानातल्या काळ्या टी-शर्टशिवाय मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"काका?" ती म्हणाली. "तुमी कायले आले एवढ्या लांब?"

आजी ओट्यावर बसली होती. तिनं त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. हिनं उत्तर दिलं. त्यात फौजी हा शब्द मला कळला. आजीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

चहा आला. मी सांगायला आलो होतो ते सांगितलं. की चुकलो, बोलायला पाहिजे होतं. ती तुरीच्या शेंगा बोटानं बाजूला करत ऐकत होती.

"तुमी काही खोटं नाई बोलले," ती म्हणाली.

"खरं बी नाई बोललो."

तिनं शेंगांचा ढीग एका बाजूला सारला. मग म्हणाली, "मी आतून सगळं ऐकून राह्यली होती. लय चांगलं बोलले तुमी, काका. मले रडू आलं त्या मानसाच्या बोटांचं. मंग तुमी थांबले, माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता म्हनतीन."

"काय?"

"काहीच नाई. लय मोठं काही नाई. एवढंच, का पोरगी चांगली हाये म्हणून."

कंपनीनं तिला पुण्याच्या शाखेत येता का म्हणून विचारलं होतं. आजीला एकटं टाकून जाता येत नव्हतं, म्हणून तिनं नाही सांगितलं होतं. आईबाप ऊसतोडीहून परत आल्यावर पाहू, म्हणाली. निघताना ती मला तांड्याच्या वेशीपर्यंत सोडायला आली. "काका, तुमी मनाले लावून घेऊ नका," असं म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणत होती, म्हणून परतीच्या गाडीत मला खिडकीबाहेर पाहवत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी खोलीवर बसून ग्रुपवर लिहिलं. मला मोबाइलवर मराठी लिहायला वेळ लागतो. लिहिलं, की फलक मी स्वतः माझ्या हातानं काढला, का काढला, दुकानाच्या मॅनेजरनं मला शेवटपर्यंत कसं वागवलं, आणि मोर्च्यात मी हे बोललो नाही ही माझी चूक. पाठवलं. दोघांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. एकानं लिहिलं, कंपनीनं किती दिले? त्यावर कोणीतरी सुप्रभाताचं गुलाबाचं चित्र टाकलं, संध्याकाळचे सात वाजले होते तरी. सुभेदार साहेबांचा फोन आला. "आता कायले उकरून काढतो? संपला विषय. संघटनेची इज्जत जाते." त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. शाल देणाऱ्यांपैकीही कोणाचा आला नाही. दुकानाच्या जागी आता मोबाइलचं शोरूम आहे. एजन्सीनं मला एका गोदामाच्या फाटकावर दिलं आहे. तिथं दिवसातून चार ट्रक येतात.

मोर्च्यानंतरचे तीन आठवडे मी घरी गेलो नव्हतो. गेलो तेव्हा बायको सुपात तांदूळ पाखडत बसली होती. आई झोपली होती. बायकोनं मला पाणी दिलं, परत पाखडायला बसली आणि वर न पाहता म्हणाली, "मदतनीस बाईनं मले तुमचा व्हिडिओ दाखवला. अंगणवाडीत."

"हो काय?"

"दोनदा पाह्यला." सूप हलवत म्हणाली, "साऱ्या वाशीमले सांगितलं तुमी. मले नाई सांगितलं कधी."

मी म्हटलं, "तू कधी विचारलं नाई."

"तुमी सुट्टीवर यायचे तवा म्हनायचे, तिकडचं काही विचारू नको. पहिल्याच सुट्टीत म्हनले. म्हणून मी नाई विचारलं."

मला ते आठवत नव्हतं. पण ती खोटं बोलणारी बाई नाही. मी तसं म्हणालो असेन. तेवीस वर्षं ती तो हुकूम पाळत होती आणि तो दिल्याचं मी विसरून गेलो होतो.

"मंग त्याचं पुढं काय झालं?" तिनं विचारलं.

"कोनाचं?"

"बोटं गेली त्याचं."

मोर्च्यातल्या दीडशे माणसांत, सभागृहात, फोनवर, कोणीही मला हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं की त्याला दवाखान्यात नेलं, मग दुसरीकडं पाठवलं, मग तो घरी गेला असेल. पुढं मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

तिनं सूप खाली ठेवलं. "लग्न झालं होतं त्याचं?"

"हो. एक पोरगी होती. फोटो दाखवायचा."

"पोरगी आता आपल्या पोरीएवढी असन," ती म्हणाली.

"असन."

मग मी तिला सांगायला लागलो, की तिकडं फोन लागायचा नाही तेव्हा तो कसा रिकाम्या लाइनवर पोरीशी बोलून दाखवायचा, आणि पाळी खरं म्हणजे माझी होती. ती ऐकत होती. मोर्च्यात शब्द आपोआप आले होते. इथं प्रत्येक शब्द शोधावा लागत होता, आणि मधे मधे मी गप्प बसत होतो. ती थांबत होती. तेवढ्यात आतून आईनं हाक मारली. ती उठली, आईला पाणी दिलं, उशी सरकवली, बराच वेळ आतच राहिली. मी पुढच्या खोलीत सुपापाशी बसलो होतो. बाहेर आली तेव्हा वंदनेची वेळ झाली होती. तिनं पांढरी साडी घातली होती.

"तुमी येता काय?" तिनं दारातून विचारलं.

तिनं असं मला पहिल्यांदाच विचारलं होतं. मी चप्पल शोधेपर्यंत ती गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. मी मागून चालत राहिलो.